केरिद्वेनचा हंडा आणि चंद्र

उत्तर वेल्समधील बाला या लहानशा गावाच्या वेशीपासून नैर्ऋत्येकडे सुमारे चार मैल पसरत गेलेले तेगिद सरोवर हे त्या देशातील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर होय. आणि त्याच्या परिसरात केरिद्वेन नावाची एक मंत्रविद्यासंपन्न स्त्री राहत होती, असे एक जुनी वेल्श कथा सांगते. आज ब्रिटनमध्ये, अमेरिकेत आणि अन्यत्रही असे अनेक स्त्रीपुरुष आहेत, जे पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या रात्री लोखंडी हंड्यात पाणी व औषधी वनस्पती घालून त्याभोवती बसतात, ‘आवेन’ या शब्दाचा तीन दीर्घ स्वरांत घोष करतात, आणि केरिद्वेनला चंद्रदेवता मानून तिच्याजवळ दोन गोष्टी मागतात: निर्मितीची स्फूर्ती, आणि जीर्ण झालेल्या मनाला नवा जन्म. ही उपासना ड्रुइड पुरोहितांच्या काळापासून अखंड चालत आली आहे, अशी त्यांच्यापैकी पुष्कळांची श्रद्धा असते. जुने दप्तर उघडून पाहिले म्हणजे या परंपरेतील दोन धागे निरनिराळे दिसू लागतात. चंद्राचा धागा दोन शतकांहून फारसा जुना नाही, आणि तो कोणी, कोणत्या साली व कशाच्या भरात त्यात ओवला, हेही बव्हंशी सांगता येते. स्फूर्तीच्या याचनेचा धागा मात्र हजार वर्षांपलीकडे जातो, आणि मला स्वतःला या सगळ्या इतिहासात तोच अधिक मोलाचा वाटतो.

कवीच्या ठिकाणी संचार करणाऱ्या दैवी स्फूर्तीला वेल्श भाषेत आवेन म्हणतात. सन 830 च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ या इतिहासग्रंथात 6 व्या शतकातील ब्रिटन कवींची नामावळी येते. तीत तालहायर्न या कवीला ‘आवेनचा पिता’ असे बिरुद दिलेले आहे, आणि त्याच नामावळीत तालिएसिन हे नाव आहे, ज्याच्याभोवती पुढे केरिद्वेनची कथा गुंफली गेली. कवित्व ही त्या समाजात केवळ हौशीची बाब नव्हती. हिवेल दा या 10 व्या शतकातील राजाच्या नावाने चालत आलेले, पण 13 व्या शतकातील व त्यानंतरच्या हस्तलिखितांतून आपल्यापर्यंत पोहोचलेले जे वेल्श कायदे आहेत, त्यांत राजदरबारच्या 24 हुद्देदारांमध्ये राजपरिवाराच्या कवीची गणना केलेली असून त्याचे हक्क एखाद्या सनदेत नमूद करावे तसे नमूद केले आहेत: त्याला जमीन करमुक्त, राजाकडून लोकरी वस्त्र, राणीकडून तागाचे वस्त्र, स्वारीसाठी घोडा, आणि लुटीच्या मोहिमेत फौजेपुढे गायन केल्याबद्दल लुटीतील एक जनावर. त्याहून श्रेष्ठ असा जो कविप्रमुख, त्याला दरबारात आसनाचा मान होता आणि त्याने प्रथम परमेश्वराचे व नंतर राजाचे स्तवन गावे, असा दंडक होता. हा दुहेरी क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण केरिद्वेनचे नाव घेणारे सर्वांत जुने कवी याच दरबारी शिस्तीत वाढलेले श्रद्धावान ख्रिस्ती पुरुष होते.

त्यांतील ल्लिवार्ख अप ल्लिवेलिन हा 13 व्या शतकाच्या आरंभी थोरल्या ल्लिवेलिन राजाचा आश्रित कवी. आपल्या एका राजस्तुतीच्या प्रारंभी तो परमेश्वराजवळ मधुर आवेन मागतो, आणि ती कशी असावी तर केरिद्वेनच्या आवेनसारखी. याचना देवाजवळ, उपमान मात्र सरोवरकाठच्या मंत्रविद्यावतीचे. आणि या दोहोंत त्याला काहीही विसंगती वाटलेली दिसत नाही. 1250 च्या सुमारास लिहिलेल्या कारमार्थेनच्या कृष्णग्रंथात आणि 14 व्या शतकाच्या पूर्वार्धातील तालिएसिनच्या ग्रंथातही तिचा उल्लेख येतो. हे दोन्ही ग्रंथ आज अबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेले आहेत. या सर्व उल्लेखांत केरिद्वेन ही आवेनच्या उगमाची स्वामिनी आहे, तिच्या हंड्यातून काव्य येते. पण तिला बळी अर्पण केल्याचा, तिचे देवालय असल्याचा किंवा चंद्राशी तिचा काही संबंध असल्याचा एक अक्षराचाही दाखला त्यांत नाही.

स्फूर्ती ही बाहेरून येणारी, मनुष्याच्या ताब्यात नसणारी वस्तू आहे, ही भावना त्या मुलुखात किती खोल रुजली होती, याची साक्ष जेराल्ड या धर्मोपदेशकाने देऊन ठेवली आहे. 1188 मध्ये तो आर्चबिशप बाल्डविनबरोबर तिसऱ्या धर्मयुद्धाचा प्रचार करीत वेल्सभर हिंडला आणि पुढे काही वर्षांनी त्याने आपल्या देशाचे लॅटिनमध्ये वर्णन लिहिले. त्यात तो ‘आवेनिद्यॉन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही लोकांची हकीकत सांगतो. कोणी अवघड प्रश्न घेऊन त्यांच्याकडे गेला, की ते भान हरपून गर्जना करू लागत, असंबद्ध पण अलंकृत वाक्ये त्यांच्या मुखातून वाहत, त्यांतून ऐकणाऱ्याने आपले उत्तर वेचून घ्यावयाचे. आणि शेवटी त्यांना जोराने हलवून जागे करावे लागे, व जागे झाल्यावर आपण काय बोललो याचे त्यांना स्मरण नसे. ही शक्ती त्यांना बहुधा स्वप्नात प्राप्त होई: कोणाला ओठांवर गोड दूध किंवा मध ओतल्याचा भास होई, तर कोणाला लिहिलेला कागद तोंडावर दाबल्याचा. जेराल्ड हा चर्चचा माणूस. तरी या लोकांची तो हेटाळणी करीत नाही. ते आपल्या आवेशात परमेश्वराची प्रार्थना करतात हे आवर्जून सांगून तो बायबलमधील संदेष्ट्यांचे दाखले देतो. अंगात येण्याचा प्रकार ज्याने जवळून पाहिला आहे, अशा वाचकाला त्याच्या निरीक्षणाचा प्रामाणिकपणा सहज पटावा.

आता कथा. तिचा सर्वांत जुना सविस्तर पाठ एलिस ग्रिफिद या फ्लिंटशायरच्या सैनिकाने लिहून ठेवला आहे. हा मनुष्य इंग्रजांच्या ताब्यातील कॅले शहराच्या शिबंदीत नोकरीस होता, आणि तेथे, मायदेशापासून दूर, त्याने 16 व्या शतकाच्या मध्यास सृष्टीच्या उत्पत्तीपासून स्वतःच्या काळापर्यंतची एक प्रचंड बखर वेल्श भाषेत रचली. तिच्यात तो सांगतो ते असे: तेगिद वोएल या सरदाराची पत्नी केरिद्वेन हिला एक मुलगा होता, इतका कुरूप की त्याला लोक ‘अवाग्दी’, म्हणजे निबिड काळोख, असे म्हणत. रूपाने ज्याला जगात मान मिळणार नाही, त्याला निदान विद्येने तरी मिळावा, या कळवळ्याने आईने हंडा चुलीवर चढविला आणि ठरलेल्या दिवशी व ठरलेल्या घटकेस गोळा केलेल्या वनस्पती त्यात टाकून तो एक वर्ष आणि एक दिवस कढत ठेवण्याचे व्रत घेतले. विस्तव राखण्यास व हंडा ढवळण्यास एक आंधळा वृद्ध आणि ग्विऑन नावाचा पोर अशा दोघांची तिने नेमणूक केली. मुदत भरली तेव्हा त्या रसातून तीन थेंब उसळले. त्या तीन थेंबांत सर्व ज्ञान होते, बाकीचा हंडाभर रस म्हणजे विष. ते थेंब मुलासाठी होते, पण पडले ग्विऑनवर. लोकांत अधिक पसरलेल्या पाठात ते चुकून त्याच्या बोटावर उडतात आणि चटका बसल्यामुळे तो बोट तोंडात घालतो. एलिस ग्रिफिदच्या पाठात मात्र केरिद्वेन थकून झोपी गेली असताना तो तिच्या मुलाला बाजूला ढकलून स्वतः त्या जागी उभा राहतो. हंडा फुटतो, विष ओढ्यात वाहून जाते, आणि ते पाणी पिऊन ग्विद्नो नावाच्या सरदाराचे घोडे मरतात.

पुढचा पाठलाग जगातील उत्कृष्ट कथाप्रसंगांत गणला जावा असा आहे. ग्विऑन ससा होऊन धावतो, केरिद्वेन शिकारी कुत्री होते. तो मासा होऊन नदीत शिरतो, ती पाणमांजर होते. तो पक्षी होतो, ती बहिरी ससाण्याची मादी. शेवटी तो खळ्यातील धान्याच्या राशीत एक दाणा होऊन पडतो आणि ती काळी कोंबडी होऊन त्याला टिपते. नऊ महिन्यांनी तो तिच्याच पोटी जन्माला येतो. मारावे म्हणून ती हात उगारते, पण त्या बालकाचे रूप पाहून तिचे मन धजत नाही. ती त्याला चामड्यात गुंडाळून पाण्यात सोडून देते. ग्विद्नोचा दुर्दैवी पुत्र एल्फिन मासे धरण्याच्या बांधावर त्याला उचलतो, आणि त्या बालकाच्या तेजस्वी कपाळावरून त्याला तालिएसिन हे नाव मिळते. मासे न मिळाल्याने खिन्न झालेल्या एल्फिनचे हे तान्हे बालक काव्यानेच सांत्वन करते. आणि पुढे मायलगुन राजाने देगान्वीच्या किल्ल्यात कैद केलेल्या आपल्या धन्याची सुटकाही ते काव्याच्याच बळावर करविते.

या कथेत मला सर्वांत अधिक चटका लावून जाते ती त्या अवाग्दीची उपेक्षा. वर्षभराची ती सर्व खटपट ज्याच्यासाठी झाली, त्याला शेवटी काहीच मिळाले नाही, आणि कथाही त्याला तेथेच सोडून पुढे निघून जाते. वेल्श परंपरेने मात्र त्याला अगदीच विस्मृतीत टाकलेले नाही. ‘किलहुख आणि ऑलवेन’ या जुन्या आख्यानात त्याच्या मोर्व्रान या मूळ नावाने तो पुन्हा भेटतो: आर्थर राजाच्या शेवटच्या, कामलानच्या लढाईतून जे थोडे लोक जिवंत परतले, त्यांत हा एक, कारण त्याची कुरूपता पाहून शत्रूला तो सैतानाचा साहाय्यक वाटला आणि त्याच्यावर कोणी शस्त्रच चालविले नाही.

असो. प्राचीन देवतेचा शोध घेणाऱ्याने येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रोमन अमदानीतील ब्रिटनमध्ये स्थानिक देवतांना वाहिलेले शिलालेख शेकड्यांनी सापडले आहेत, पण त्यांत केरिद्वेनचे नाव कोठेही नाही. हंड्याची गोष्ट वेगळी. ग्लॅमॉर्गनमधील ल्लिन व्हाउर या तळ्यातून 20 व्या शतकाच्या आरंभी इ. स. पूर्व 700 च्या सुमाराचे काशाचे हंडे निघाले. अँगल्सी बेटावर 1942 मध्ये विमानतळाचे काम चालू असताना एका दलदलीतून तलवारी, रथांचे भाग, गुलामांच्या साखळ्या आणि हंड्यांचे तुकडे असा लोहयुगीन निक्षेप उघडा पडला. या मौल्यवान वस्तू जाणूनबुजून पाण्यात अर्पण केल्या होत्या, यावर पुराणवस्तुसंशोधकांचे सामान्यतः एकमत आहे. मेलेल्या योद्ध्यांना त्यात घालताच पुन्हा उठविणारा हंडा ‘माबिनोगी’ या जुन्या वेल्श आख्यानमालेच्या दुसऱ्या शाखेत येतो आणि तोही एका सरोवरातूनच वर आलेला असतो. पाणी, हंडा आणि पुनर्जन्म यांचा संबंध अशा रीतीने खरोखरीच पुरातन असावा, असे मानण्यास जागा आहे. केरिद्वेनच्या देवत्वाविषयी तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही.

1282 मध्ये वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजा, दुसरा एक ल्लिवेलिन, मारला गेला, दरबार उठले, आणि कवींना जमीनदारांच्या वाड्यांचा आश्रय शोधावा लागला. 1567 मध्ये एलिझाबेथ राणीच्या हुकुमाने कायरविस येथे कवींची परीक्षा भरली व जे उतरले त्यांनाच परवाने मिळाले. बाकीच्यांना भटके ठरवून कामास लावावे, अशी आज्ञा होती. त्यानंतरच्या दोन शतकांत हा धंदा जवळजवळ बुडाला.

तो वर काढला योलो मोर्गानुग या विलक्षण पुरुषाने. मूळ नाव एडवर्ड विल्यम्स, जन्म 1747, ग्लॅमॉर्गनचा पाथरवट. अफूच्या अर्काचे व्यसन, जुन्या हस्तलिखितांचे अफाट वाचन आणि स्वतःच्या प्रांताचा जाज्ज्वल्य अभिमान या तिहींनी घडलेला. 21 जून 1792 रोजी लंडनच्या प्रिमरोज टेकडीवर दगडांचे वर्तुळ मांडून त्याने कवींची सभा भरविली, तिला ‘गोर्सेद’ म्हटले आणि ती ड्रुइडांपासून अखंड चालत आल्याचे जाहीर केले. आवेनचे चिन्ह म्हणून आज सर्वत्र दिसणारे तीन किरण ही त्याचीच योजना. 1819 मध्ये कारमार्थेन येथे त्याने ही सभा आयस्तेद्वोद या काव्यसंमेलनाला जोडून दिली आणि ती आजतागायत जोडलेली आहे. त्याने पुढे केलेली कागदपत्रे पुष्कळ अंशी बनावट होती, हे ग्रिफिथ जॉन विल्यम्स यांनी 1926 पासून आयुष्यभर परिश्रम करून शाबीत केले. बनावट कागद हा इतिहासाशी केलेला द्रोह होय, यात मला शंका नाही. तरीही ज्या भाषेला कचेरीत, शाळेत आणि न्यायालयात स्थान उरले नव्हते, तिच्या कवीला भर सभेत आसनावर बसविण्याचा समारंभ त्याने पुन्हा उभा केला, हेही तितकेच खरे. आणि जो असा समारंभ डोळ्यांनी पाहतो, त्याला योलोचा केवळ राग धरून बसणे कठीण जावे.

चंद्र आला तो एडवर्ड डेव्हिस या पाद्रीसाहेबांच्या हातून. 1809 मध्ये त्यांनी ब्रिटिश ड्रुइडांच्या पुराणांवर आणि विधींवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी जेकब ब्रायंट यांचे एक मत विद्वानांत मान्यता पावले होते: जगातील सर्व मूर्तिपूजा ही नोहाच्या जलप्रलयाची विकृत स्मृती असून चंद्राची कोर म्हणजे नोहाच्या नौकेची आकृती होय. डेव्हिस यांनी केरिद्वेनला नौकेची देवता ठरविले, रोमनांच्या धान्यदेवता सेरेसशी तिचे ऐक्य मानले, आणि ग्विऑनची कथा ही गुप्त दीक्षाविधीची नोंद आहे, असा अर्थ लाविला. नौकेबरोबर चंद्रही तिला आपसूकच चिकटला. या तर्कांमागे त्या पिढीचा एक सार्वत्रिक उत्साह होता, आणि त्यात आपल्या देशाचाही अप्रत्यक्ष वाटा आहे. अँगल्सीच्या एका गणितज्ञाचे पुत्र सर विल्यम जोन्स यांनी 1784 मध्ये कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापन करून ग्रीक, रोमन आणि हिंदू देवतांचे साम्य दाखविण्याची दिशा घालून दिली. हिंदुस्थानात येण्यापूर्वी हेच जोन्स वेल्समध्ये वकिली करीत असताना ‘कार्डिगनचे ड्रुइड’ नावाच्या मित्रमंडळात रमत असत. जोन्स यांच्यापाशी असलेला विवेक त्यांच्या मागून आलेल्या तुलनाकारांपाशी नव्हता. 1858 मध्ये डी. डब्ल्यू. नॅश यांनी डेव्हिस यांचा पुरावा तपासून तो निराधार ठरविला, आणि मॅथ्यू आर्नल्ड यांनीही केल्टिक साहित्यावरील आपल्या व्याख्यानांत त्या नौकादेवतेची उलटतपासणी केली. परंतु मधल्या काळात, 1838 ते 1849 या वर्षांत, डाउलाइसच्या लोखंडी कारखान्याच्या मालकाची पत्नी लेडी शार्लट गेस्ट यांनी ‘माबिनोगिऑन’चे जे इंग्रजी भाषांतर केले, त्यात तालिएसिनची कथा समाविष्ट झाल्यामुळे केरिद्वेन इंग्रजी वाचणाऱ्या सर्व जगाच्या परिचयाची होऊन बसली होती.

रॉबर्ट ग्रेव्ह्ज हे पहिल्या महायुद्धात एका वेल्श पलटणीचे अधिकारी होते. 1916 मध्ये सोमच्या रणांगणावर ते इतके जबर जखमी झाले की त्यांच्या मृत्यूची वार्ता घरी कळविण्यात आली. मृतांच्या यादीतून परत आलेल्या या कवीने 1944 मध्ये, डेव्हिस यांचे एक जुने पुस्तक हाताशी असताना, झपाटल्यासारखे एक पुस्तक लिहावयास घेतले, आणि ते ‘द व्हाइट गॉडेस’ या नावाने 1948 मध्ये निघाले. खरी कविता ही एकाच चंद्रदेवतेची आराधना असून बीजेची कोर, पूर्णचंद्र आणि क्षीण चंद्र ही तिची जन्म, प्रेम व मृत्यू अशी तीन रूपे आहेत, हा त्यांचा सिद्धान्त. आणि तिच्या नावांपैकी केरिद्वेन हे एक. इतिहास म्हणून हा ग्रंथ उभा राहत नाही. एका कवीने स्वतःच्या स्फूर्तीविषयी दिलेली जबानी म्हणून वाचला, तर त्यात ल्लिवार्खची व्याकुळता ओळखू येते. 1950 नंतरच्या दशकात डोरीन व्हॅलिएंट यांनी इंग्लंडातील नव्या जादूपंथासाठी देवीच्या तोंडचे एक प्रवचन रचले, त्यात केरिद्वेन आणि वेल्श आख्यानांतील, रौप्यचक्राचे नाव धारण करणारी आरियानरोद या दोघींना स्थान दिले. महिन्यातून एकदा, शक्यतो पौर्णिमेस, एकत्र जमण्याची त्यातील आज्ञा तर चार्ल्स लेलंड या अमेरिकन गृहस्थाने 1899 मध्ये प्रसिद्ध केलेल्या इटलीतील चेटकिणींविषयीच्या पुस्तकातून आलेली आहे. हंडा वेल्सचा, चंद्राची कोर ब्रायंट-डेव्हिस यांची, पौर्णिमेची तिथी टस्कनीची, असा हा संगम झाला.

उपासना अर्वाचीन ठरली म्हणून ती लटकी ठरत नाही, असे मला मनापासून वाटते. क्रिस्टोफर ह्यूज हे अँगल्सीच्या ड्रुइड संघाचे संस्थापक आणि जन्माने वेल्शभाषी. त्यांनी केरिद्वेनवर लिहिताना मध्ययुगीन संहिता मुळातून वाचण्याचा आग्रह धरला आहे, आणि तिचे देवत्व क्रमाक्रमाने घडत आले हे मान्य करूनच तिची भक्ती केली आहे. ही वृत्ती मला अत्यंत आदरणीय वाटते. या मुलखात ख्रिस्ती भक्तीही तितकीच उत्कट होती: ज्या बाला गावाजवळ केरिद्वेनचा हंडा कढला, त्याच गावी 1800 मध्ये मेरी जोन्स ही विणकराची मुलगी सुमारे 25 मैल पायी चालत वेल्श बायबल विकत घेण्यास आली होती. तिच्या हकीकतीची प्रेरणा घेऊन स्थापन झालेल्या बायबल सोसायटीनेच पुढे मुंबईत मराठी बायबले प्रसिद्ध केली. आवेन मागणारे कवी मधल्या काळात कोठे होते असे विचाराल, तर ते मेरी जोन्ससारख्या बायबलभक्तांच्या कडव्या प्रार्थनामंदिरांच्या व्यासपीठांवर होते. आयस्तेद्वोदचे आसन जिंकणाऱ्यांत पाद्र्यांची संख्या मोठी आहे.

ऑगस्ट 2002 मध्ये रोवन विल्यम्स यांना सेंट डेव्हिड्स येथे गोर्सेदचे सदस्यत्व देण्यात आले. कँटरबरीचे आर्चबिशप म्हणून त्यांची निवड नुकतीच जाहीर झाली होती. शुभ्र झग्यातील त्यांची छायाचित्रे पाहून इंग्लंडातील काही वृत्तपत्रांनी मूर्तिपूजेचा गवगवा केला, आणि हा सन्मान वेल्श भाषेच्या सेवेबद्दलचा आहे, हे त्यांना समजावून सांगावे लागले. त्या दगडी वर्तुळात जी प्रार्थना म्हटली जाते ती योलोच्या नावावर आहे. रक्षणापासून आरंभ करून सामर्थ्य, समज, ज्ञान आणि न्याय अशा पायऱ्यांनी ती प्रेमापर्यंत चढत जाते, आणि हे सर्व ती परमेश्वराजवळ मागते. अन्यत्र नव्या ड्रुइडांच्या मेळाव्यांतही हीच प्रार्थना म्हणतात. तेथे परमेश्वराच्या जागी कोणी देवी म्हणतो, कोणी देव आणि देवी म्हणतो, आणि मागण्यांचा क्रम मात्र पाथरवटाने लावून दिला तसाच ठेवतो.